आधी ओल, मग ऊब

इंग्लंडमधल्या दर पाच घरांपैकी साधारण एक घर १९१९ च्या आधीचे आहे. लेस्टर, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, रेडिंग, लंडनची उपनगरे, जिथे जिथे आपली डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक मंडळी स्थिरावली, तिथे अनेकांच्या वाट्याला अशीच घरे आली. एकमेकांना खेटून उभी असलेली लाल विटांची रांग, पुढच्या बाजूला बाहेर आलेली बे-विंडो, डोक्यावर वेल्सच्या खाणीतल्या निळसर करड्या स्लेटचे उतरते छप्पर. जूनमध्ये घर बघायला गेलेला माणूस त्याच्या प्रेमात पडतो. जानेवारीत त्याला दुसरी बाजू दिसते: कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी, खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी, वरच्या खोलीच्या कोपऱ्यात उमटलेला पिवळा डाग, आणि गॅसचे बिल. नेमका याच सुमारास फोन वाजतो, किंवा दारात कोणीतरी फाइल घेऊन उभे राहते. तुमच्या छपरातून उष्णता निसटते आहे, आम्ही आतून फोम फवारून देतो, एका दिवसाचे काम, गारठाही गेला आणि ओलही गेली.

त्या माणसाला काय उत्तर द्यायचे, हे ठरवता यावे म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे.

जुन्या घरांची पाहणी करणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. ओल आणि गारठा ही दोन्ही दुखणी एकाच औषधाने जातात, यासारखा महाग पडणारा गैरसमज मी या व्यवसायात दुसरा पाहिलेला नाही. दोन्हींचा संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. ओली वीट कोरड्या विटेपेक्षा जास्त उष्णता बाहेर जाऊ देते, म्हणून ओले घर गरम करणे महाग पडते. थंड भिंतीवर घरातली वाफ साकळते, म्हणून थंड घर ओले होते. पण हे चक्र कुठून तोडायचे, याला क्रम आहे. पाणी घरात कोठून येते आणि कोठून बाहेर जाते, हे कळल्याशिवाय घराला काहीही चिकटवू, फवारू किंवा लिंपू नये. पुढची सगळी प्रकरणे या एका वाक्याचा विस्तार आहेत.

मुळात ही घरे बांधणाऱ्यांनी पाणी अडवायचा हट्ट फारसा धरलाच नव्हता. विटांची भिंत नऊ इंच जाडीची, भरीव. आजच्या घरांत दोन भिंतींमध्ये पोकळी असते. ती पद्धत सर्रास झाली १९२० च्या दशकापासून. विटांच्या दरजा चुन्याच्या, आतला गिलावाही चुन्याचा. पाऊस पडला की भिंत थोडे पाणी पिई, आणि वारा सुटला की ते परत सोडून देई. आपल्याकडचा माठ जसा अंगातून पाणी पाझरवतो आणि हवेवर वाळवतो, तशी ही भिंत. माठाला बाहेरून ऑइलपेंट मारला तर जे होईल, तेच या भिंतीचे पुढे झाले. छपराचेही तसेच. वाशांवर रिपा, रिपांवर खिळ्यांनी ठोकलेली स्लेट, आणि खालून कुठे कुठे चुन्याचा थर. स्लेटच्या खाली डांबरी फेल्ट घालण्याची पद्धत नंतरची. फटींतून वारा वाहायचा, भुरभुर बर्फही आत यायचा, आणि तोच वारा वासे कोरडे ठेवायचा. शंभर-सव्वाशे वर्षे ते लाकूड टिकले त्यामागे हा वारा आहे.

शिवाय प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी आणि तिच्यावर धुराडे. शेगडी पेटली की धुराडे खोलीतली हवा सतत वर ओढून घेई आणि तिच्याबरोबर वाफही जाई. ही व्यवस्था आरोग्याला मुळीच चांगली नव्हती. डिसेंबर १९५२ च्या धुरक्याने लंडनमध्ये हजारो माणसे मेली, आणि १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातूनच आला. कोळसा गेला, सेंट्रल हीटिंग आले, शेगड्यांचे कोनाडे फळ्या ठोकून बंद झाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर घरे बंदिस्त करण्याची मोहीमच निघाली. माळ्यावर इन्सुलेशन घालण्यासाठी अनुदान देणारा कायदा १९७८ चा. दुहेरी काचांच्या प्लास्टिकच्या खिडक्या आल्या. विटांच्या चुन्याच्या दरजा खरवडून तिथे सिमेंट भरले गेले, आत विनाइलचा रंग चढला. यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी पाहिली तर शहाणपणाची वाटते. एकत्र मिळून त्यांनी घराचे श्वास घेण्याचे सगळे मार्ग बुजवले.

आणि वाफ मात्र वाढली. चार माणसांचे कुटुंब स्वयंपाक, आंघोळ, कपडे वाळवणे आणि निव्वळ श्वासोच्छ्वास यांतून दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी हवेत सोडते. आपल्या घरांत हा आकडा वरच्या टोकाला असतो, हे आपणच मान्य करायला हवे. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी परत भात-वरण, हिवाळाभर रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, आणि उष्णता जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. खोलीचे तापमान वीस अंश आणि आर्द्रता साठ टक्के असेल, तर बारा अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. जुन्या घराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, कपाटामागे, जिथे हवा फिरत नाही, तिथे जानेवारीत बारा अंशही नसतात. बुरशी तिथेच का येते, याचे उत्तर एवढेच आहे. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. रोचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा भाड्याच्या घरातल्या बुरशीमुळे झालेल्या श्वसनविकाराने दगावला. दोन वर्षांनी कोरोनरने तसा निष्कर्ष दिला, आणि सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना ओल व बुरशीची दखल ठरलेल्या मुदतीत घ्यायला लावणारा नियम आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

वाफेची ओल हा एक प्रकार. पावसाची ओल वेगळी: तुंबलेली पन्हळ, फुटलेला पाइप, निसटलेली स्लेट, धुराड्याच्या बुडाशी उखडलेला शिशाचा पत्रा. जमिनीतून चढणारी ओल आणखी वेगळी. तिच्या नावावर नको तितक्या भिंतींना भोके पाडून रसायने भरली गेली आहेत, आणि खरे कारण पुष्कळदा एवढेच असते की बाहेरच्या अंगणाची फरशी वर्षानुवर्षे चढत चढत घराच्या जोत्याला येऊन भिडली आहे. तिन्ही प्रकारांत भिंतीवर पोपडे सारखेच सुटतात आणि वासही तोच येतो, म्हणून घरमालक गोंधळतो. ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला टेकवून, टूं असा आवाज आला की कोटेशन लिहिणाऱ्या माणसाला निदान कळले असेलच असे नाही.

आता फोमकडे वळू. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुसेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. फवारणीच्या गाडीत दोन पिंपे असतात, एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि इतर मिश्रणे. तापवलेल्या नळ्यांतून दोन्ही द्रव बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. आयसोसायनेटमुळे होणारा दमा हा ब्रिटनमध्ये व्यवसायातून होणाऱ्या दम्याचा एक प्रमुख प्रकार आहे, म्हणून फवारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो आणि काम चालू असताना, व नंतरही काही तास, घरच्यांनी घराबाहेर राहायचे असते. फोम दोन जातींचा. उघड्या पेशींचा फोम मऊ, स्पंजासारखा, हलका. त्यातून वाफ आरपार जाते. बंद पेशींचा कडक आणि जड. त्यातून वाफ जवळजवळ जात नाही, आणि तेवढ्याच जाडीत तो उष्णता कितीतरी जास्त अडवतो.

हा पदार्थ वाईट नाही. तुमच्या फ्रिजच्या भिंतीत तोच भरलेला असतो. नाशिक-सांगलीकडची द्राक्षे ज्या शीतगृहात थंड होतात, त्याच्या पत्र्यांमधला पफ म्हणजे हेच रसायन. कमी जाडीत जास्त रोध हा त्याचा खरा गुण आणि त्यासाठी तो महाग असूनही परवडतो. पण माळ्यावर जागेची टंचाई कुठे असते? खालच्या खोल्यांच्या छतावर, म्हणजे माळ्याच्या जमिनीवर, २७० मिलिमीटर जाडीची खनिज लोकर पसरली की ब्रिटनमध्ये आज शिफारस केलेले इन्सुलेशन पूर्ण होते. ती स्वस्त आहे, गुंडाळून बाजूला करता येते, आणि वळचणीकडून येणारा वारा मोकळा सोडला तर छपराचे लाकूड पूर्वीसारखेच कोरडे राहते. इन्सुलेशन नसलेल्या घरातली साधारण पाव उष्णता छपरातून जाते, हे विक्रेत्याचे म्हणणे खरेच आहे. त्यावर फोमच हवा, हे मात्र त्यातून निघत नाही.

फोम मारतात तो माळ्याच्या जमिनीवर नव्हे, वर वाशांच्या मध्ये, स्लेटच्या किंवा फेल्टच्या थेट पाठीवर. इथे या पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण सुरू होते, म्हणून त्याचा गाभा इथेच सांगून ठेवतो. उघड्या पेशींचा फोम असेल तर हिवाळ्यात घरातली वाफ त्यातून वर सरकते आणि फोमच्या पलीकडच्या थंड बाजूला, म्हणजे फेल्टपाशी आणि वाशांच्या वरच्या अंगाला, पाणी होऊन बसते. बंद पेशींचा असेल तर वाफ मधून जात नाही, पण वासा आणि फोम यांच्यात पुढे पडलेल्या बारीक फटींतून जाते. वरून एखादी स्लेट फुटली तर पावसाचे पाणी फोम आणि लाकूड यांच्यामध्ये अडकते. दोन्ही वेळा वाळवणारा वारा उरलेला नसतो. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कुजवणारी बुरशी त्यात घर करते. पूर्वी गळती झाली तर आठवड्याभरात छतावर डाग दिसायचा आणि माणूस शिडी आणायचा. फोमखाली गळती वर्षानुवर्षे गुपचूप चालू राहते, आणि वासा हाताला लागतच नसल्यामुळे कोणाही सर्व्हेयरला तो धड आहे की कुजला, हे सांगता येत नाही.

प्रत्येक फोमवाल्या छपराखाली लाकूड कुजलेच आहे, असे कोणी म्हणू नये. नीट हिशेब करून, योग्य फेल्ट असलेल्या छपरात, वायुवीजनाची सोय ठेवून केलेली कामे व्यवस्थित उभी आहेत. नव्या बांधकामात, पत्र्याच्या गोदामांत, पहिल्यापासून फोम धरूनच आखलेल्या घरांत तो चांगले काम देतो. माझा आक्षेप त्याला जुन्या स्लेटच्या छपरावर औषध म्हणून विकण्याला आहे. त्यातही एका खास युक्तीला: खिळे गंजून स्लेट घसरायला लागल्या की, छप्पर उतरवून पुन्हा घालण्याऐवजी आतून फोम मारून त्या चिकटवून टाकायच्या. म्हणजे दुरुस्ती टळते आणि पुढच्या वेळी एकही स्लेट अखंड काढून परत वापरता येत नाही. पन्नास वर्षे सहज टिकेल असा दगड कचऱ्यात जातो.

पैशाची बाजू याहून कडू आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ग्रीन होम्स ग्रँट नावाची योजना आणली. खर्चाच्या दोन तृतीयांशापर्यंत, बहुतेकांना पाच हजार पौंडांपर्यंत अनुदान. तिच्यात स्प्रे फोमही बसत होता. सहा लाख घरांचे उद्दिष्ट होते. मार्च २०२१ मध्ये ती गुंडाळली गेली, तेव्हा राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे काम होणार होते ते सुमारे ४७,५०० घरांचे. योजना गेली, पण सरकारी अनुदानाचा शिक्का विक्रेत्यांच्या तोंडी राहिला. मग फोम मारलेल्या घरांतली माणसे घर विकायला किंवा कर्ज फिरवायला निघाली आणि बँकेच्या सर्व्हेयरने माळ्यावर डोके घालून नकार लिहिला. बीबीसीने २०२४ मध्ये चौकशी केली तेव्हा गृहकर्ज देणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी पाव संस्था छपरात फोम असलेल्या घरावर कर्ज द्यायलाच तयार नव्हत्या, आणि अशी घरे देशात अडीच लाखांच्या घरात होती. इतर बँका कागदपत्रे आणि स्वतंत्र तपासणी मागतात. सर्व्हेयरांच्या चार्टर्ड संस्थेने, म्हणजे रिक्सने, मार्च २०२३ मध्ये ग्राहकांसाठी खास मार्गदर्शिका काढली ती यामुळेच. ज्यांनी आयुष्यभर हप्ते भरून घर सोडवले आणि उतारवयात घराच्या किमतीवर पैसे उचलायचे ठरवले, त्यांना हा फटका सर्वांत जास्त बसला. फोम काढायचा तर तो वाशांवरून हाताने खरवडावा लागतो. कित्येकदा हे काम तो बसवण्यापेक्षा महाग पडते. आणि तो काढून देतो असे सांगत दारात येणाऱ्यांची आता वेगळीच रांग लागली आहे.

भिंती आणि जमिनी यांबद्दल पुस्तिकेत थोडक्यातच लिहिले आहे. नऊ इंची भरीव भिंतीला आतून फोम मारू नये, एवढे इथे पुरे. ती भिंत समजली जाते तितकी थंडही नसते. सरकारी हिशेबात पूर्वी तिचा उष्णता गळण्याचा दर २.१ धरत; प्रत्यक्ष घरांत मापे घेतल्यावर तो १.७ वर आणावा लागला. ऊब हवीच असेल तर लाकडाच्या तंतूंचे फलक आणि वर चुन्याचा गिलावा अशी वाफ जाऊ देणारी रचना करता येते. लाकडी जमिनीखालून फोम मारण्याचीही टूम आहे. तिथल्या हवेच्या जाळ्या बुजल्या तर तुळयांची तीच गत होते जी वाशांची.

मग करायचे काय? विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हापासून तिचे सांगणे एकच आहे: रोजची निगा ठेवा, म्हणजे मोठी दुरुस्ती लागत नाही. हे ऐकायला नीरस वाटते आणि यात कोणाला कमिशन मिळत नाही, म्हणून कोणी फोन करून सांगतही नाही. पन्हळी साफ करा. निसटलेली स्लेट बसवून घ्या. सिमेंटच्या दरजा तडकल्या असतील तर तिथे चुना भरणारा गवंडी शोधा. मिळतो, थोडा वेळ घेतो. अंगणाची पातळी जोत्याच्या ओलरोधक थरापासून १५० मिलिमीटर खाली आणा. बंद धुराड्याला खाली जाळी आणि वर टोपी बसवा. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात बाहेर हवा टाकणारा पंखा लावा आणि कुकर लावताना तो चालू करायला विसरू नका. एवढे झाल्यावर एक हिवाळा जाऊ द्या. नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात. त्यानंतर दारांच्या फटी, माळ्यावरची लोकर, जाड पडदे, आतून बसवायची दुसरी काच, असा क्रम. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत याच्या पुढे जायची गरज पडलेली नाही.

कोकणात किंवा गोव्यात ज्यांचे वडिलोपार्जित चिऱ्याचे घर आहे, त्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. तिथे थंडीचा प्रश्न नाही. पण चुन्याचा जुना गिलावा काढून वर सिमेंट फासले, की दुसऱ्याच पावसाळ्यात भिंत फुगते आणि मिठासारखा थर सुटतो. आडदांड सामग्रीने नाजूक व्यवस्था बंद करण्याची ही खोड एकाच देशाची नाही. तरी या पुस्तिकेतले उपाय ब्रिटनच्या हवेसाठी आहेत. ते उचलून रत्नागिरीला लावू नयेत.

पुस्तिका मराठीत का, असे काहींनी विचारले. आपल्या घरांत असे निर्णय पुष्कळदा सगळ्यांनी मिळून घेतले जातात. मुलगा-सून ऑफिसात असताना दार उघडतात ते भारतातून आलेले आई-बाबा, आणि दारातल्या गोडबोल्या माणसाला नाही म्हणणे त्यांना जड जाते. त्यांच्याही हाती हे असावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, इतर शहरांतही मंडळे आहेत. गणपती-दिवाळीला माणसे एकत्र येतात तेव्हा कुणाच्या घरात काय बिघडले आणि कोणत्या गवंड्याने नीट काम केले, याची देवघेव व्हायला हवी.

वाचकाला माझी विनंती अशी. फोम मारून घ्यायचा विचार असेल, तर आधी तुमच्या बँकेला लेखी विचारा की या कामानंतर या घरावर कर्ज मिळेल का, आणि उत्तरही लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. इमारत जतनाच्या यादीत असेल तर नगरपालिकेची परवानगी लागते. फोम विकण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या सर्व्हेयरला स्वतः पैसे देऊन बोलवा. विक्रेत्याने फुकट पाठवलेला चालणार नाही. आज सही केली तरच सवलत, असे कोणी म्हणाले, तर त्या दिवशी सही करू नका. ज्यांच्या माळ्यावर फोम आधीच आहे, त्यांनी घाबरून तो खरवडायला घेऊ नये. कामाची कागदपत्रे, फोमची जात आणि हमीपत्र शोधून ठेवावे, आणि लाकडाची तपासणी करून घ्यावी. पुष्कळ छपरे तपासणीत धड निघतात.